सहा शहरे, सतरा रात्री आणि तिकीट कुठे तोडायचे हा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही, पत्नी, ६८ वर्षांच्या आई आणि १० वर्षांचा मुलगा असे चौघे नाशिकहून निघून पॅरिसला उतरणार, तेथून रेल्वेने इंटरलाकेन, व्हेनिस, रोम, व्हिएन्ना असे करत प्रागला पोहोचणार आणि तेथून विमानाने परतणार. एकूण १७ रात्री. युरेल पास (ठरावीक दिवस अनेक देशांच्या गाड्यांत फिरू देणारा एकच पास) घ्यावा की सुटी तिकिटे, ती केव्हा आणि कोठून काढावीत, पॅरिस ते झुरिक या एकाच प्रवासाचे भाडे एका तारखेला ४० युरोच्या आत आणि दुसऱ्या तारखेला त्याच्या तिप्पट का दिसते, आणि रोम ते व्हिएन्ना ही रात्रीची गाडी आईंना झेपेल का, हे तुम्हाला हवे आहे. विमानाची तिकिटे आणि व्हिसा अजून व्हायचा आहे असे तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची ओळ आहे, कारण त्यामुळे अजून सगळेच बदलता येते.

मी पुण्यात राहते आणि गेली तेरा वर्षे, सहल कंपनीच्या गटाबरोबर न जाता स्वतः फिरू पाहणाऱ्या कुटुंबांना युरोपातल्या रेल्वेप्रवासाचे आराखडे करून देते. जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न ‘पास की तिकिटे’ हाच असतो, आणि जवळपास प्रत्येक वेळी तो थोडा बाजूला ठेवावा लागतो. त्याआधी पाहायची गोष्ट वेगळी आहे: तुमच्या मार्गावरच्या कोणत्या गाड्या तुम्हाला आधीच बांधून घेतात आणि कोणत्या मोकळ्या आहेत. हे एकदा कळले की पासचा हिशेब दहा मिनिटांत होतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे लांबचा प्रवास कोणत्या स्टेशनवर तोडून दोन तिकिटांत वाटायचा, हे कळते. पैसे वाचतात ते तिथे, आणि बुडतात तेही तिथेच.

आपला गोंधळ होतो तो सवयीमुळे. आपल्याकडे लांब पल्ल्याच्या गाडीचे आरक्षित तिकीट म्हणजे गाडी, तारीख, डबा आणि बर्थ हे सगळे एकाच कागदावर. आरक्षण ६० दिवस आधी उघडते, भाडे बहुतेक गाड्यांत ठरलेले असते, आणि जागा संपल्या तर वेटिंग, आरएसी आणि चार्ट लागण्याची वाट पाहणे आले. युरोपात प्रवासाचा हक्क आणि बसायची जागा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया, जर्मनी, नेदरलँड्स येथील देशांतर्गत गाड्यांत साधारणपणे पूर्ण भाड्याचे तिकीट असले की त्या दिवशीच्या कोणत्याही गाडीत चढावे, रिकामी जागा दिसेल तिथे बसावे, आणि खात्री हवी असेल तर थोडे जास्त पैसे भरून जागा राखून ठेवावी. याउलट फ्रान्सच्या टीजीव्ही, इटलीच्या फ्रेच्चारोसा, स्पेनच्या वेगवान गाड्या, युरोस्टार आणि रात्रीच्या गाड्या यांत जागा राखल्याशिवाय चढताच येत नाही. तिथे तिकीट म्हणजे तीच गाडी, तीच वेळ, तोच डबा. वेटिंग लिस्ट दोन्हीकडे नाही, आणि आपल्या तत्काळसारखा शेवटच्या दिवसासाठी राखलेला कोटाही नाही. पहिल्या प्रकारच्या गाडीला मी मोकळी म्हणते आणि दुसरीला बांधील. पुढे हेच शब्द वापरते.

झुरिकच्या भाड्याचे कोडे यातूनच सुटते. बांधील गाडीचे भाडे विमानासारखे पायरीपायरीने चढते. स्वस्त जागांचा साठा ठरलेला असतो, तो संपला की त्याच गाडीतली शेजारची खुर्ची महाग होते, आणि लोक ज्या दिवशी हटकून बाहेर पडतात त्या दिवशी तो साठा मुळातच लहान असतो. मे महिन्यात फ्रान्समध्ये १ आणि ८ तारखेला सुट्टी असते, शिवाय ईस्टरवरून ठरणारा असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार बहुधा याच दिवसांत येतात. इटलीत २ जूनला प्रजासत्ताक दिन असतो. तुमच्या वर्षातल्या या तारखा कॅलेंडरवर आधी खुणा करून घ्या आणि मोठा टप्पा त्यांच्या आदल्या संध्याकाळी येऊ देऊ नका. स्वस्त तिकिटाची आणखी एक किंमत असते, ती भाड्याच्या चौकटीखाली बारीक अक्षरांत लिहिलेली असते: बदल नाही, परतावा नाही. इटलीतली सुपर इकॉनॉमी तिकिटे आणि ऑस्ट्रियन रेल्वेची श्पारशीने तिकिटे त्या एका गाडीपुरतीच असतात. म्हणजे मोकळ्या गाडीतही सवलतीचे तिकीट घेतले की तुम्ही बांधले गेलात.

आता पास. तुम्ही भारतात राहत असल्यामुळे तुमच्यासाठी युरेल. इंटररेल हा त्याचाच भाऊ, पण तो युरोपात राहणाऱ्यांसाठी. ३३ देशांत चालणारा ग्लोबल पास महिनाभरातल्या सात प्रवासदिवसांसाठी मिळतो, तो तुम्हाला पुरेल: पाच मोठे टप्पे आणि स्वित्झर्लंडमधले दोन दिवस. साठीच्या पुढच्या प्रवाशाला दहा टक्के सवलत असल्यामुळे आईंचा पास थोडा स्वस्त पडेल, आणि १२ वर्षांखालील मुलाचा पास प्रौढाबरोबर विनामूल्य असतो. इथपर्यंत सगळे आकर्षक आहे. पण पासमध्ये प्रवासाचा हक्क मिळतो, जागा मिळत नाही. पॅरिसहून निघणारी टीजीव्ही लिरिया बांधील, स्वित्झर्लंडहून मिलानला उतरणारी युरोसिटी बांधील, इटलीतल्या दोन्ही वेगवान गाड्या बांधील. या प्रत्येक गाडीत चौघांच्या जागांचे पैसे वेगळे भरावे लागतील, विनामूल्य पास असलेल्या मुलाच्या जागेचेसुद्धा, आणि टीजीव्हीमध्ये पासधारकांसाठीच्या जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात. शिवाय इटलीतली इटालो ही खासगी कंपनी आणि फ्रान्सची स्वस्त ओईगो या पासमध्ये येत नाहीत. पासची खरी किंमत ‘आज मन झाले म्हणून निघालो’ या मोकळेपणाची असते. तुमच्या वाटेवर तो मोकळेपणा फक्त स्वित्झर्लंडमध्ये आणि शेवटच्या टप्प्यात आहे. फक्त जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड एवढ्यातच हिंडणारे, रोज सकाळी हवामान पाहून ठरवणारे तरुण जोडपे असते, तर मी डोळे मिटून पास सांगितला असता. तुम्हाला सांगणार नाही. मात्र हा निष्कर्ष तुम्ही तीन-चार महिने आधी तिकिटे काढणार, या गृहीतावर उभा आहे. निघायच्या पंधरा दिवस आधी जागे झालात तर हिशेब पुन्हा करावा लागेल आणि तेव्हा कदाचित पास जिंकेल.

तिकिटांकडे वळण्यापूर्वी तुमच्या शहरांचा क्रम बदलावा असे मला वाटते. नकाशा समोर ठेवा. तुम्ही इंटरलाकेनहून व्हेनिसला, तेथून खाली रोमला आणि रोमहून रात्रीच्या गाडीने व्हिएन्नाला जाणार आहात. ती रात्रीची गाडी फ्लोरेन्स, बोलोन्या करत पुन्हा व्हेनिसच्याच अंगाने वर चढते आणि तार्व्हिझियोपाशी ऑस्ट्रियात शिरते. म्हणजे उतरलेला मार्ग तुम्ही पुन्हा चढणार, आणि तोही अंधारात. त्याऐवजी इंटरलाकेनहून मिलानमार्गे सरळ रोम गाठा, मग रोम ते व्हेनिस, आणि व्हेनिसहून दिवसाच्या थेट गाडीने व्हिएन्ना. इंटरलाकेन ते रोम हा दिवस मोठा होतो, हे खरे आहे: इंटरलाकेनजवळच्या श्पीत्सहून मिलानपर्यंत पावणेतीन तासांच्या आसपास, मिलानहून रोमपर्यंत वेगवान गाडीने तीन तासांपेक्षा थोडे जास्त, आणि मधली विश्रांती. परंतु त्या बदल्यात एक अख्खी रात्र बिछान्यात मिळते. रोम ते व्हेनिस चार तासांचा प्रवास आहे आणि व्हेनिस ते व्हिएन्ना सात-साडेसात तासांचा. या शेवटच्या टप्प्यावर व्हिएन्नाच्या अलीकडे सेमरिंगचा घाट लागतो. हा लोहमार्ग १८५४ साली पुरा झाला आणि १९९८ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. आपल्या बोरघाटातून गाडी धावू लागली ती १८६३ साली. दगडी कमानींचे दुमजली पूल आणि त्यांवरून वळत जाणारा आपल्याच गाडीचा पुढचा भाग खिडकीतून पाहताना कर्जत ते लोणावळा आठवल्याशिवाय राहत नाही. निदान मला तरी दर वेळी आठवते.

तरीही मुलाला रात्रीची गाडी हवीच असेल, आणि दहाव्या वर्षी ती हवीशी वाटणारच, तर आईंना झेपेल का याचे उत्तर डब्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. ऑस्ट्रियन रेल्वेच्या नाइटजेट या रात्रीच्या गाडीत तीन पातळ्या असतात: नुसती बसायची जागा, चार किंवा सहा बर्थचा कुशेत, आणि एक ते तीन जणांची झोपायची खोली. बसायच्या जागेचा विचारही करू नका. स्वस्त दिसते म्हणून ती घेणारे सकाळी व्हिएन्ना पाहण्याच्या अवस्थेत नसतात. चौघांसाठी चार बर्थचा पूर्ण कुशेत घेतला की खोली तुमचीच राहते, आई खाली झोपतात, मुलगा वर चढतो, आणि अनोळखी माणसाबरोबर खोली वाटण्याचा प्रश्न उरत नाही. स्वच्छतागृह मात्र डब्याच्या टोकाला असते आणि रात्री दोनदा उठावे लागत असेल तर वळणांवर डोलणारा पॅसेज ओलांडावा लागतो. आपल्या टू एसीत शांत झोपणाऱ्या बाईंना कुशेतमध्ये अडचण येऊ नये. गाडीत झोपच लागत नाही असे त्या म्हणत असतील, तर वर सांगितलेला दिवसाचा क्रमच घ्या. मी तोच धरून पुढे लिहिते: पॅरिस तीन रात्री, इंटरलाकेन चार, रोम तीन, व्हेनिस दोन, व्हिएन्ना तीन, प्राग दोन.

आता तोडण्याची गोष्ट. पॅरिस ते इंटरलाकेन असे एकच तिकीट शोधू नका. ते बासेलला, म्हणजे फ्रान्सच्या सीमेवरच्या स्विस शहरात, तोडा. पॅरिसच्या गार द लिओं स्टेशनवरून बासेल साधारण तीन तासांवर आहे. तेवढे तिकीट टीजीव्हीचे, बांधील, लवकर काढलेले आणि म्हणून स्वस्त. बासेलपासून पुढे स्विस ट्रॅव्हल पास सुरू करा. हा पास परदेशी पाहुण्यांसाठी असतो, सलग तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा मिळतो, आणि त्यात गाड्या, पिवळ्या पोस्टबस, सरोवरांतल्या बोटी असे सगळे येते. मुलासाठी पासबरोबर विनामूल्य मिळणारे स्विस फॅमिली कार्ड मागून घ्या, म्हणजे आईवडिलांबरोबर त्याचा प्रवास फुकट होतो. बासेलहून इंटरलाकेनकडे दर तासाला गाडी मिळते आणि ती मोकळी असते. टीजीव्ही पाऊण तास उशिरा पोहोचली तरी तुमचे काही बुडत नाही, पुढच्या गाडीत बसायचे. तोडण्याचा माझा नियम एवढाच आहे की बांधील गाडीनंतर मोकळी गाडी येत असेल तिथे खुशाल तोडावे, आणि बांधील गाडीनंतर पुन्हा बांधील गाडी येत असेल तिथे दहा वेळा विचार करावा.

इंटरलाकेनला एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दर वर्षी कोणीतरी तिकीटखिडकीपाशी चकित होते. स्विस ट्रॅव्हल पास ग्रिंडेलवाल्ड आणि वेंगेनपर्यंत पूर्ण चालतो, पण तेथून वर ३४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोख या खिंडीतल्या स्टेशनपर्यंत तो फक्त २५ टक्के सवलत देतो. वरचे तिकीट चौघांसाठी बरेच महाग पडते, तेव्हा ते महिनाभर आधी काढून ठेवू नका. सकाळी हॉटेलात उठल्यावर तिथल्या कॅमेऱ्याचे थेट चित्र पाहा. पांढऱ्या धुक्याशिवाय काही दिसत नसेल तर त्या दिवशी पासमध्येच बसणारी बोटीची फेरी करा किंवा म्युरेनच्या गावात जाऊन बसा, आणि वर जाणे दुसऱ्या दिवसावर ढकला. चार रात्री मी त्यासाठीच ठेवल्या आहेत.

इंटरलाकेनहून रोमला जाताना मिलानला गाडी बदलावी लागते आणि तिथे नेमकी बांधीलला बांधील गाठते. इंटरलाकेनहून श्पीत्सपर्यंत वीस मिनिटांची स्थानिक गाडी, तेथून लोच्बर्गच्या आणि मग १९०६ साली खुल्या झालेल्या सिंप्लॉनच्या बोगद्यातून मिलानला जाणारी युरोसिटी, आणि मिलानहून रोमची फ्रेच्चारोसा. या ठिकाणी दोन मार्ग आहेत. एक म्हणजे दोन्ही गाड्यांचे तिकीट एकाच रेल्वे कंपनीकडून एकाच व्यवहारात, सलग प्रवास म्हणून घ्यायचे. दुसरा म्हणजे दोन स्वतंत्र तिकिटे घेऊन मध्ये निदान दीड तास मोकळा ठेवायचा.

हे मी फी भरून शिकले आहे. या कामाच्या पहिल्याच वर्षी मी पाच जणांच्या एका कुटुंबाला एका मोठ्या स्टेशनवर दोन स्वतंत्र तिकिटांमध्ये बावीस मिनिटे दिली होती. कागदावर ती पुरेशी दिसत होती, कारण फलाट एकाच छपराखाली होते. त्यांची पहिली गाडी पस्तीस मिनिटे उशिरा पोहोचली. दुसरे तिकीट सर्वांत स्वस्त प्रकारचे, म्हणून बदलता येईना, आणि त्या दिवशीच्या भाड्याने पाच नवी तिकिटे घ्यावी लागली. चूक गाडीची नव्हती, बावीस मिनिटांची होती, आणि ती मिनिटे मी लिहिली होती. मी त्या तिकिटांचे पैसे परत केले आणि तेव्हापासून स्वतंत्र तिकिटांमध्ये नव्वद मिनिटांच्या आत काही लिहीत नाही.

एकत्र तिकिटाचा फायदा कायद्यातून येतो. युरोपीय संघाचा रेल्वे प्रवाशांच्या हक्कांविषयीचा नवा नियम जून २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार पोहोचायला एक ते दोन तास उशीर झाला तर भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा अधिक झाला तर ५० टक्के भरपाई मागता येते, आणि सलग तिकिटावर मधली गाडी चुकली तर पुढच्या गाडीने नेण्याची जबाबदारी रेल्वेची असते. स्वतंत्र तिकिटांवर ही जबाबदारी दुसऱ्या गाडीपर्यंत पोहोचत नाही. काही राष्ट्रीय रेल्वे कंपन्यांमध्ये आपसात समजुतीचा करार आहे, त्यानुसार आंतरराष्ट्रीय प्रवासात जोडणी चुकल्यास पुढच्या गाडीत जागा असेल तर बसू देतात. त्यासाठी उशीर झालेल्या गाडीच्या तिकीट तपासनीसाकडून किंवा स्टेशनच्या माहितीकक्षातून तसा शेरा किंवा शिक्का आधी मिळवायचा असतो. तो मिळाला तर उपयोग करावा. आराखडा मात्र त्याच्या भरवशावर करू नये. तुमच्या वाटेवर जर्मनी नाही, याचे मला बरे वाटले. तिथल्या राष्ट्रीय रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या २०२४ साली ६२.५ टक्केच वेळेवर धावल्या, आणि तीही सहा मिनिटांच्या आतला उशीर वेळेवर धरून. इटलीत वेगळे पथ्य आहे: ‘शोपेरो’ हा शब्द लक्षात ठेवा, त्याचा अर्थ संप. तो बहुधा आधी जाहीर होतो, संपातही धावणाऱ्या गाड्यांची यादी प्रसिद्ध होते, आणि प्रवासाच्या चार-पाच दिवस आधी तपासले तर पुरते.

काढण्याचा क्रम आता सांगते. युरोपचे वेळापत्रक दर वर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी मध्यरात्री बदलते, त्यामुळे त्याआधी पुढच्या मेच्या गाड्या दिसल्या नाहीत तर घाबरू नका. त्यानंतर प्रत्येक देश आपल्या गतीने विक्री उघडतो. ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंडमध्ये साधारण सहा महिने आधीपासून मिळू लागते, तर फ्रान्समध्ये रोज एक दिवस पुढे असे न सरकता कित्येक आठवड्यांचा गठ्ठा एकदम खुला होतो. सर्वांत आधी पॅरिस–बासेल, मग मिलानमार्गे रोम, मग रोम–व्हेनिस, मग व्हेनिस–व्हिएन्ना. रोम–व्हेनिस मार्गावर राष्ट्रीय कंपनी आणि इटालो यांची स्पर्धा असल्यामुळे दोघांची भाडी शेजारी ठेवून पाहा.

मध्ये व्हिसाची अडचण उभी राहते, कारण परतावा नसलेले तिकीट व्हिसाआधी घेणे म्हणजे जुगार. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून तो लवकर करा. हॉटेले रद्द करता येतील अशी ठेवा, गाड्यांचा मार्ग क्रमांक आणि वेळांसह कागदावर मांडा, आणि स्वस्त तिकिटांचे पैसे शिक्का हातात आल्यावरच भरा. अर्ज कोणत्या देशाकडे करायचा यातही तुम्ही चुकणार होतात. पॅरिसला उतरणार म्हणून फ्रान्स, असे तुम्ही लिहिले आहे. पण नियम असा की ज्या देशात सर्वाधिक दिवस, त्या देशाकडे, आणि दिवस सारखे असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश. रोमच्या तीन आणि व्हेनिसच्या दोन मिळून इटलीत पाच रात्री होतात, स्वित्झर्लंडमध्ये चार. अर्ज इटलीकडे करा. प्रवास विम्याचे वैद्यकीय संरक्षण निदान ३०,००० युरोंचे असले पाहिजे. आणि वाटेतल्या चारही सीमा ओलांडताना पासपोर्ट मोठ्या बॅगेच्या तळाशी नव्हे, हाताशी ठेवा. शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, नेहमीची तपासणी नसली तरी गाडीत पोलीस येऊन पाहू शकतात.

खरेदी शक्यतो त्या त्या रेल्वेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून करा. मध्यस्थ संकेतस्थळे सोयीची असतात, पण काही वर शुल्क लावतात, आणि गाडी रद्द झाली की रेल्वेवाले मध्यस्थाकडे पाठवतात व मध्यस्थ रेल्वेकडे. वेळापत्रक पाहण्यासाठी मात्र जर्मन रेल्वेचे संकेतस्थळ जवळजवळ सगळ्या युरोपसाठी वापरता येते. शहरांची नावे स्थानिक टाका: व्हेनिस नव्हे व्हेनेझिया, व्हिएन्ना नव्हे व्हीन, प्राग नव्हे प्राहा. व्हेनिसला दोन स्टेशने आहेत. सांता लुचिया बेटावर आणि मेस्त्रे अलीकडे, मुख्य भूमीवर. स्वस्तातले हॉटेल मेस्त्रेला घेतले असेल तर तिकीटही तिथलेच काढा. कार्डावरचे परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करा आणि दुसऱ्या बँकेचे एक कार्ड जवळ ठेवा, कारण ओटीपी आला नाही म्हणून शेवटच्या पानावर अडकणे नित्याचे आहे.

स्टेशनवरचा अनुभव आपल्यापेक्षा वेगळा असतो, म्हणून पॅरिसची सकाळ थोडी सविस्तर सांगते. गार द लिओंला फलाटांचे दोन समूह आहेत, एकाला अक्षरे आणि दुसऱ्याला आकडे. तुमच्या गाडीचा फलाट फलकावर गाडी सुटण्याच्या जेमतेम वीस मिनिटे आधी उमटतो. तोवर शेकडो माणसे मान वर करून उभी असतात आणि अक्षर दिसताच एकदम हलतात. त्या लाटेत आईंना घाई करू देऊ नका, वीस मिनिटे पुरतात. फलाटाच्या तोंडाशी स्वयंचलित दारे असतात, तिथे प्रत्येकाला आपला वेगळा क्यूआर कोड दाखवावा लागतो. चारही तिकिटे एकाच फोनवर असतील तर एक एक करून पुढे सोडा. दोन टीजीव्ही कधी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यांच्यामधून आतून जाता येत नाही, म्हणून डब्याचा क्रमांक पाहूनच चढा, ‘आधी चढू, मग आतून चालत जाऊ’ हा आपला हिशेब तिथे लागू पडत नाही. गाडीची दारे ती सुटण्याच्या वेळेआधी दोन मिनिटे बंद होतात.

सामानाबाबत माझी अट कडक आहे: ज्याची बॅग त्याने स्वतः दोन-तीन उंच पायऱ्या चढवून डब्यात नेता आली पाहिजे. हमाल मिळतील हे गृहीत धरू नका, आणि बॅगा ठेवायची मांडणी दाराजवळ असते, सीटखाली नव्हे. फ्रान्समध्ये प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी असणे सक्तीचे आहे. आईंची बॅग मुलगा ओढू शकेल एवढी लहान करा आणि त्यांच्या हातात फक्त खांद्यावरची पिशवी राहू द्या. गाडीत घरचे खाल्ले तर कोणी हरकत घेत नाही, दशम्या आणि चटणी खुशाल न्या. दूध आणि मांसाचे पदार्थ मात्र बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे, त्यामुळे पेढे घरीच राहू द्या.

शेवटचा व्हिएन्ना ते प्राग हा टप्पा चार तासांचा आणि सर्वांत निश्चिंत आहे. गाड्या दर दोन तासांनी तरी असतात, आणि रेलजेटमध्ये जागा राखणे सहसा सक्तीचे नसते. पण तुम्ही चौघे आहात, तेव्हा एकत्र बसण्यासाठी राखून घ्या. हीच गाडी ऑस्ट्रियन रेल्वेही विकते आणि चेक रेल्वेही, आणि दोघांची भाडी अनेकदा वेगळी असतात, म्हणून दोन्हीकडे पाहून मगच पैसे भरा. या मार्गावर रेजिओजेटच्या पिवळ्या गाड्याही धावतात. हे तिकीट सगळ्यांत शेवटी काढले तरी चालेल, मात्र परतीच्या विमानाच्या दिवशी प्रागला पोहोचण्याचा बेत करू नका. प्रागच्या विमानतळापर्यंत रेल्वे जात नाही, मुख्य स्टेशनसमोरून बस घ्यावी लागते.